सकाळचे सर, दुपारच्या बाई

खुर्च्या पुरल्या नाहीत. शिपाई प्रयोगशाळेतली उंच स्टुलं घेऊन आला, तरी दोघातिघांना खिडकीच्या कट्ट्यावरच टेकावं लागलं. सकाळच्या शाळेचे आणि दुपारच्या शाळेचे शिक्षक एकाच वेळी एका खोलीत बसलेत, असा प्रसंग इतक्या वर्षांत आलाच नव्हता. सकाळचे लोक नुकतीच शाळा सुटल्यामुळे भुकेजलेले होते, दुपारचे घरून जेवून आल्यामुळे पेंगुळलेले. एकमेकांना रोज वाटेत पाहणारी, पण नाव न विचारलेली माणसं जशी बसतात तशी सगळी अंग चोरून बसली होती.

मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, उभ्या राहिल्या. चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"आडवळणानं कशाला सांगू? पुढच्या वर्षीपासून शाळा एकच. सकाळ नाही, दुपार नाही. मुलंच उरली नाहीत तर दोनदा घंटा कशाला बडवायची, असं वरून आलंय."

ही बातमी येणार हे सगळ्यांनाच माहीत होतं. तेवढ्यात खिडकीच्या कट्ट्यावरून पीटीचे सर म्हणाले, "म्हणजे आमच्या गणिताच्या सरांचा नि बाईंचा संसार आता मार्गी लागणार म्हणायचा! इतकी वर्षं बिचारे नुसते फाटकात भेटताहेत."

खोली खळखळून हसली. सरही खाली बघत हसले. गणिताच्या बाईंनी हातातल्या वहीचा कोपरा उगाच सारखा केला. त्यांचे कान तापले होते, आणि ते रागानं नव्हे हे त्यांचं त्यांनाच उमगून या वयात त्यांना जरा लाजल्यासारखं झालं.

"संसाराचं नंतर बघू," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या हसल्या नव्हत्या. "तुकड्या निम्म्या होणार. त्यामुळे काही जण जास्त ठरतील. भाषेला एक जण तसाही निवृत्त होतोय, तिथे भागेल. गणिताला मात्र..." त्यांनी पुन्हा चष्मा काढला. "गणिताला एकच शिक्षक लागेल. दुसऱ्याला डोंगरापलीकडच्या शाळेत जावं लागेल."

आता हसायला कोणी उरलं नाही. गणिताला शाळेत दोनच शिक्षक होते. सकाळी सर, दुपारी बाई. पीटीचे सर खिडकीबाहेर मैदानाकडे बघू लागले, जणू तिथे कोणी तरी पळत होतं.

शाळेची सुरुवात आठ खोल्यांनी झाली होती. गावातल्या जुन्या माणसांनी स्वतः दगड वाहून त्या उभ्या केल्या होत्या, आणि त्या काळी आठ म्हणजे डोक्यावरून पाणी वाटलं होतं. पुढे गावाबाहेर कारखाना आला. कारखान्यामागून माणसं आली, माणसांमागून त्यांची पोरं. एकेका बाकावर चार-चार मुलं चेंगरून बसू लागली, तेव्हा कोणीतरी तोडगा काढला: निम्मी मुलं सकाळी, निम्मी दुपारी. नवीन खोल्या होईपर्यंतची तात्पुरती सोय. मोठ्या खोल्यांच्या मधोमध फळ्या ठोकून दोनाच्या चार केल्या, तीही तात्पुरती सोय. नवीन खोल्या काही झाल्या नाहीत. तात्पुरत्या सोयीत शिकलेली मुलं मोठी झाली, त्यांची मुलं त्याच तात्पुरत्या सोयीत येऊन बसली.

एका छपराखाली दोन शाळा नांदत होत्या. प्रत्येक बाकाला दोन मालक, आणि दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. कप्प्यात शेंगांची फोलपटं सापडली की दुपारची मुलं सकाळवाल्यांच्या नावानं बोटं मोडत, खडू संपले की सकाळची मुलं दुपारवाल्यांना चोर म्हणत. वर्षातून एकदा सकाळ विरुद्ध दुपार असा सामना व्हायचा, आणि बाहेरच्या शाळांशी खेळताना जी ईर्ष्या कधी दिसली नाही ती त्या दिवशी मैदानावर उतरायची. बाकावर पेन्सिलीनं एक लिहून जायचा, दुसरा खाली उत्तर लिहायचा. शिव्या, कोडी, चित्रं, क्वचित काही नाजूकही. चौकातल्या वह्यापुस्तकांच्या दुकानात गल्ल्यावर बसतात त्या नवराबायकोचं तसंच जमलं होतं, असं सांगतात.

बाई लग्न होऊन या गावात आल्या तेव्हा सर सकाळच्या शाळेत गणित शिकवत होते. वर्षभरानं दुपारच्या शाळेत जागा निघाली. "नशीब काढलंस," सासूबाई म्हणाल्या होत्या. "एक घरी नि एक दारी. पोराबाळांची काळजी मिटली." खरंच मिटली. मुलगी झाली, ती एक दिवससुद्धा पाळणाघरात गेली नाही. सर पहाटे उठून जायचे, दुपारी यायचे. बाई जेवणाआधी सगळं आवरून निघायच्या, दिवेलागणीला परतायच्या. मधल्या वेळात शाळेच्या फाटकात दोघांची गाठ पडायची आणि तिथे संसाराची देवाणघेवाण व्हायची. अंगावरची पोर आणि किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात जायची.

"दूध तापवून ठेवलंय. झाकण नीट लावा."

"हं."

"रात्री खोकली जरा. औषध कपाटाच्या वरच्या फळीवर."

"बघतो. अगं, नववीतलं ते खडूचं खोकं कुलपात घाल आज."

एवढंच. मागे पोरं उभी राहून दात काढत असत. त्यांनीच ही नावं पाडली, सकाळचे सर आणि दुपारच्या बाई. पुढे गावही तेच म्हणू लागलं. भाजीवालासुद्धा म्हणायचा, "दुपारच्या बाई, सकाळच्या सरांनी कांदे नेलेत हो."

रात्रीचं जेवण तेवढं एकत्र व्हायचं. पण पहाटे उठणारा माणूस ताटावरच पेंगायचा, आणि बाईंचं तेव्हा कुठे ओटा आवरणं सुरू व्हायचं. रविवारी सर दहावीच्या मुलांना शाळेत बोलावून शिकवत. तरी रोज संध्याकाळी बाई न चुकता विचारायच्या, "कसा झाला आज वर्ग?" आणि सर म्हणायचे, "छान. टाचणी पडली तर ऐकू यावी." बाईंना अभिमान वाटायचा आणि थोडा हेवाही. त्यांना स्वतःला आवाज चढवल्याशिवाय वर्ग कधी साधला नव्हता.

त्या दिवशी सभा संपली आणि दोघं फाटकात आले. सरांनी सायकल भिंतीला टेकवली. हातात द्यायला-घ्यायला आता काही नव्हतं. मुलगी दूर शहरात नोकरीला होती, आणि किल्ल्याही केव्हाच दोन झाल्या होत्या.

"मीच जाणार ना," बाई म्हणाल्या. "नंतर लागलेल्यानं जायचं असतं."

"बघू."

"बघू काय? नियमच आहे तसा."

"अगं, घंटा झाली. वर्गावर जा," सर म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून निघाले. बाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. शर्ट खांद्यावर सैल झाला होता. केव्हा झाला, त्यांना सांगता आलं नसतं.

वर्गात बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. नववीची मुलं बाकांवरून वळून वळून एकमेकांत कुजबुजत होती.

"बाई, आता आम्ही त्या सकाळवाल्यांबरोबर बसायचं?"

"त्यांच्यात काय काटे आहेत?"

"बाई, ते आम्हाला झोपाळू म्हणतात."

"आणि तुम्ही त्यांना काय म्हणता, ते मला माहीत नाही असं वाटतं का?"

वर्ग हसला. खिडकीजवळची एक मुलगी मात्र हसली नाही. बारीक चणीची, सारखी काहीतरी चिवचिवत असायची म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. ती मधल्या सुट्टीत बाईंजवळ येऊन उभी राहिली, पण चिवचिव बंद होती.

"बाई, माझ्या बाकावर सकाळी कोण बसतं?"

"मला कसं ठाऊक असणार गं? का?"

"तिथे रोज एक कोडं असतं. मी सोडवते आणि माझं एक घालते. वर्षभर चाललंय आमचं." ती नखानं टेबलाचा रंग खरवडू लागली. "आता ते माणूस समोर येणार. ते मला आवडलंच नाही तर?"

बाईंना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. "नाही आवडलं तर बाक बदलून देईन," त्या म्हणाल्या. मुलगी गेली तरी ते वाक्य त्यांच्या डोक्यात घुटमळत राहिलं.

कारण सभेतल्या त्या बातमीनं त्यांनाही कुठेतरी तसंच हलवलं होतं. एकाच वेळी घरातून निघायचं. एकाच वेळी परतायचं. वाटेत बोलायचं. काय बोलायचं? इतक्या वर्षांत फाटकात मावेल एवढंच बोलायची सवय झालेली. तरी त्या मनात मांडे खात होत्या की डबा एकत्र खाऊ, संध्याकाळी जरा लांबचा फेरा मारू. आणि ते पुरतं मनात रुजायच्या आत त्याच्यावर डोंगरापलीकडची शाळा येऊन बसली होती.

रात्री मुलीचा फोन आला. बाईंनी अर्धीच बातमी सांगितली, शाळा एक होणार एवढी.

"काय सांगतेस! म्हणजे तू आणि बाबा एकदम घरी?" मुलगी हसू लागली. "आई, तुला माहितीये, मी लहानपणी मैत्रिणीकडे गेले होते ना, तर तिचे आईबाबा भरदुपारी दोघं घरात. मी घाबरले. मला वाटलं, कोणीतरी खूप आजारी आहे."

बाईही हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या लवकर निघाल्या आणि मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. मोठ्या बाई याच शाळेच्या विद्यार्थिनी, सकाळच्या. सरांच्या हाताखाली गणित शिकलेल्या.

"माझं काय ते एकदा सांगून टाका," बाई म्हणाल्या. "म्हणजे मी तिकडे खोली वगैरे बघायला लागते."

मोठ्या बाईंनी मान वर केली. "सर बोलले नाहीत तुमच्याशी?"

"काय?"

"ते जाताहेत. परवाच येऊन सांगून गेले. सभेच्याही आधी. मी म्हटलं, सर, तुम्ही सीनियर, तुम्ही का? वर लिहून दोघांनाही इथेच ठेवून घेते. तर म्हणाले, मी खुशीनं जातोय, आणखी काही विचारू नकोस."

सभेत पीटीचे सर विनोद करत होते, सगळे हसत होते, आणि हा माणूस खाली बघून हसत होता. त्याला तेव्हाच ठाऊक होतं. फाटकात "बघू" म्हणाला तेव्हाही ठाऊक होतं. तोंडातून चकार शब्द काढला नाही. इतकी वर्षं वेगळ्या वेळांवर काढली आणि एकत्र यायची वेळ आली तेव्हा हा खुशीनं डोंगरापलीकडे निघाला. खुशीनं!

"मला न विचारता?" त्या एवढंच म्हणाल्या.

मोठ्या बाई उठल्या, दार लोटून आल्या. काही तरी सांगावं की सांगू नये असं त्यांचं चाललं होतं. शेवटी म्हणाल्या, "बाई, तुम्ही एकदा सकाळी या ना शाळेत."

"सकाळी कशाला?"

"असंच. नववीच्या शेजारची खोली रिकामी असते. पेपर तपासत बसा. कोणी विचारणार नाही."

बाई एवढी वर्षं या इमारतीत वावरल्या होत्या, पण सकाळचं ऊन या व्हरांड्यात कुठून येतं ते त्यांना माहीत नव्हतं. दुपारी जिथे सावली असायची तिथे लख्ख उजेड होता. आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटावं तशा त्या भिंतीच्या कडेनं चालत गेल्या. सर निघून गेल्यावर थोड्या वेळानं त्या घरातून निघाल्या होत्या, का कोण जाणे, चोरी केल्यासारख्या. रिकाम्या खोलीत शिरून त्यांनी दार ओढून घेतलं आणि पेपरांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला.

मधल्या भिंतीच्या फळ्या वाळून त्यांच्यात फटी पडल्या होत्या. पलीकडचा गलका सरळ अंगावर येत होता. बाईंना वाटलं, सर अजून वर्गावर आले नसावेत.

मग त्या गलक्याखालून तो आवाज ऐकू आला.

"...म्हणून हे दोन कोन समान. समान का? कोण सांगेल?"

बाक सरकले, मागे कुणी तरी कुत्र्यासारखं भुंकलं, हशा पिकला. सरांचा आवाज पुढे चालू राहिला, फळ्याकडे तोंड करून बोलल्यासारखा. चिरकलेला, धापेचा, मध्येच विरणारा. घरी ते इतकं थोडं बोलत की तो असा झालाय हे बाईंना कळलंच नव्हतं.

"सर, ऐकू येत नाही!" मागून एक जण ओरडला.

"बरं. पुन्हा सांगतो."

त्यांनी आवाज चढवला. तो मधोमध फाटला. सगळा वर्ग हसला.

"सर, ऐकू येत नाही!" आता चार-पाच जण, सुरात.

बाईंनी फटीतून पाहिलं. सर फळ्यापाशी उभे होते, हातात खडू. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं, असं बाईंना वाटलं. त्यांनी शांतपणे सगळा फळा पुसला आणि तीच आकृती पुन्हा काढायला घेतली. पुढच्या बाकावरचे दोघंतिघं वहीत उतरवून घेत होते, तेही ऐकून नव्हे, बघून. खिडकीजवळ, नेमक्या चिमणीच्या बाकावर, एक आडदांड मुलगा जीभ बाहेर काढून बाकावर पेन्सिलीनं काहीतरी कोरत होता. त्याला वर्गाचं भान नव्हतं. वर कागदाचं विमान गेलं. सरांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

बाई उभ्या राहिल्या होत्या. केव्हा उठल्या त्यांना कळलं नाही. हात दाराच्या कडीवर होता. व्हरांड्यातून दोन पावलं टाकून त्या दारात उभ्या राहिल्या असत्या आणि एक हाक मारली असती, तर तो वर्ग जागच्या जागी थिजला असता. तेवढा दरारा त्यांच्या आवाजात होता, सकाळच्या पोरांनीही त्याच्या गोष्टी ऐकलेल्या होत्या. फक्त एक हाक.

आणि मग सरांनी वळून पाहिलं असतं, आणि दारात त्या.

टाचणी पडली तर ऐकू यावी. किती वर्षं? एक, पाच, दहा? रोज संध्याकाळी हा माणूस असल्या वर्गातून घरी येऊन, ताटावर बसून तेच वाक्य म्हणत होता, आणि त्या हेवा करत होत्या.

बाईंनी कडीवरचा हात काढून घेतला. जागेवर येऊन बसल्या. लाल पेन उघडलं, समोरचा पेपर ओढला, आणि घंटा होईपर्यंत त्याच एका गणितावर नजर लावून राहिल्या. घंटा झाली, मुलं धो-धो बाहेर पडली. फळ्यांपलीकडे डस्टरचा आवाज बराच वेळ येत होता. पुसून झालेला फळा सर पुसत होते. मग खुर्ची करकरली. बाटलीचं झाकण उघडलं, पाण्याचा घोट घशाखाली उतरला. पुढच्या वर्गाची मुलं येऊ लागली आणि बाई मागच्या पायऱ्यांनी खाली उतरल्या.

रविवारी दुपारी सर दहावीचा वर्ग आटोपून आले, हातपाय धुऊन खुर्चीत बसले. बाईंनी चहा ठेवला. दोन कप घेऊन त्या समोर बसल्या.

"मोठ्या बाई म्हणत होत्या, तुम्ही निघालात म्हणे."

सरांनी कप उचलला, पुन्हा ठेवला. "सांगणारच होतो."

"कधी? बस लागल्यावर?"

"अगं, तुझे गुडघे बघ. त्या घाटातल्या बसमध्ये तुझं कसं निभणार? आणि माझी अशी किती वर्षं राहिलीत?"

"नियमानं मी जायला हवं. मला विचारलंत का?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!" बाईंचा आवाज चढला. हे त्यांनी ठरवून आणलं नव्हतं. आतलं खरंच वर आलं. "आता कुठे दोन घास सोबत खायचे दिवस आले होते. तुम्हाला नाही वाटलं कधी?"

सर खिडकीकडे बघत राहिले. कपावर साय धरली.

"वाटलं की," ते हळू म्हणाले. "वाटलं नाही असं कसं म्हणू?" मग घसा खाकरला. "पण त्या फळ्यांच्या भिंती. या खोलीतलं त्या खोलीत ऐकू येतं. एका वेळेच्या शाळेत दोघंही राहिलो तर आपण शेजारी शेजारी. तू इकडे, मी तिकडे. दोघांनाही जड गेलं असतं."

बोलताना ते बाईंकडे बघत नव्हते. बोटं कपाच्या कानावर घट्ट आवळली होती. बाईंना ती बोटं दिसत होती, नखांत अडकलेली खडूची भुकटी दिसत होती. आता काही म्हणायचं तर हीच वेळ होती. मला सगळं माहीत आहे, एवढंच म्हणायचं. कदाचित त्यांना हलकं वाटलं असतं. किंवा मग या घरात बसायला त्यांना जागाच उरली नसती.

"ते आहे म्हणा," बाई म्हणाल्या. "माझा आवाज हा असा. मी ओरडले की तिसऱ्या खोलीतली पोरं उठून उभी राहतात. तुमच्या वर्गाला त्रासच झाला असता."

सरांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. क्षणभर नजर शोधक झाली, चेहराभर फिरली. बाईंनी शांतपणे साय बाजूला केली आणि चहाचा घोट घेतला. मग सरांचे खांदे सैल झाले. अंगावरचं ओझं कुणी तरी उतरवून घ्यावं तसे ते खुर्चीत मागे टेकले.

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले.

"तिकडे मुलं किती आहेत वर्गात?"

"थोडीच. दोन रांगा जेमतेम."

"मग बरं पडेल," बाई म्हणाल्या, आणि लगेच जोडलं, "जाण्यायेण्याची दगदग नको मात्र. तिकडेच खोली घ्या. शनिवारी येत जा."

मुलगी फोनवर भडकली. "आता कुठे एकत्र राहायची वेळ आली, तर बाबा निघाले? आई, तू भांडत का नाहीस?"

"भांडले की," बाई म्हणाल्या. "हरले."

निरोपाच्या दिवशी पीटीच्या सरांनी भाषण केलं. या सरांच्या वर्गात केवढी शांतता असायची, ते त्यांनी आपल्या मुलाच्या शाळेच्या दिवसांतली आठवण काढून सांगितलं. ते खरं असणार. कधी काळी होतीच ती. नववीची मुलं मागे ओळीनं उभी होती. त्यांतल्या काहींच्या डोळ्यांत पाणी होतं, भुंकणाऱ्यांच्याही असेल. पोरांचं काही सांगता येत नाही. सरांनी दोनच वाक्यं बोलून हात जोडले.

नव्या वर्षी शाळा एक झाली. पहिले काही दिवस मधल्या वाटेच्या डावीकडे सकाळ आणि उजवीकडे दुपार अशीच मुलं बसत होती, मग बाईंनी एक दिवस सगळ्यांना उठवून पत्त्यांसारखं पिसून काढलं. चिमणीला तिचं माणूस सापडलं. आठवडाभर ती त्या आडदांड मुलाशी बोललीच नाही. नंतर दोघं कोड्यावरून भांडताना दिसू लागली. बाक बदलून मागायला ती आली नाही.

वर्ग दुप्पट भरला होता. बाईंचा घसा संध्याकाळी दुखायचा. घरी आल्यावर दिवा लावायचा, एका माणसाचं काय ते शिजवायचं, आणि कधी कधी तेही नको वाटून दूध पिऊन आडवं व्हायचं. आता त्या भल्या सकाळीच निघत, तरी भाजीवाला त्यांना दुपारच्या बाईच म्हणायचा. त्यांनी सुधारलं नाही.

शनिवारी त्या बसथांब्यावर जायच्या. त्या शनिवारी बस उशिरा आली. सर मागच्या दारानं उतरले. हातात कापडी पिशवी, गळ्याला मफलर. बाईंनी पिशवी घेतली. दोघं चालू लागले. थोडा वेळ नेहमीसारखंच. बस का रखडली, तिकडे पाणी येतं का, खोलीचं कुलूप.

मग सर एकदम म्हणाले, "परवा एक गंमत झाली."

"काय?"

"एक पोरगी आहे आठवीत. घरची गुरं राखून येते, केस पिंजारलेले. मी फळ्यावर गणित सोडवत होतो. ही उठून म्हणते, सर, तिसऱ्या ओळीत चुकलं. बघतो तर चुकलेलंच. मी खडू तिच्या हातात दिला, म्हटलं, ये, तूच कर. आणि मी जाऊन तिच्या जागेवर बसलो."

"मग?"

"मग काय, तिनं केलं की. कशी उभी राहिली होती सांगू? अशी, कमरेवर हात ठेवून. आणि मागच्या एकाला म्हणते, गप रे, सरांना ऐकू दे."

सर हसले. चिरक्या आवाजातलं, धापेचं हसू. बाईंनी ते पूर्वी कधी ऐकलं होतं, त्यांना आठवेना. ही गोष्ट खरी की ताटावरच्या वाक्यासारखी, हे जोखायला त्यांचं मन एकदा पुढे सरकलं, आणि तिथेच थांबलं.

"मग?" त्या म्हणाल्या. "दुसरी मुलं काय म्हणाली?"

सर सांगू लागले. हातवारे करून, मध्येच श्वास घ्यायला थांबून, पुन्हा मागे जाऊन राहिलेलं जोडून सांगू लागले. त्या पोरीच्या बापाचं, वर्गात शिरलेल्या शेळीचं, शिपाई बहिरा आहे त्याचं. रस्त्यावरचे दिवे एकेक करून लागत होते. घराकडे वळायची गल्ली आली. बाई वळल्या नाहीत, तशाच सरळ चालत राहिल्या. सरांच्या ते ध्यानातही आलं नाही. ते बोलत होते.